सुदानची बातमी मागा

वाचकहो, हे आवाहन सुदानसाठी आहे. सुरुवातीलाच सांगतो, मी पैसे मागायला आलेलो नाही. मला तुमच्याकडून एक पत्र हवं आहे. तुमच्या घरी रोज जे वर्तमानपत्र येतं, त्याच्या संपादकांना तुम्ही ते लिहायचं आहे. त्यात एकच विचारा: सुदानमध्ये काय चाललं आहे, ते आम्हाला का सांगत नाही?

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी सुदानच्या पश्चिमेकडचं, दारफूर प्रांतातलं अल-फाशेर हे शहर ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ या निमलष्करी दलाच्या हाती पडलं. त्याआधी पाचशेहून अधिक दिवस शहराला वेढा होता. भोवताली मातीचा बांध उभारून आत-बाहेर जाण्याच्या वाटा बुजवल्या होत्या. आतल्या माणसांना धान्य मिळेना, तेव्हा ती तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड शिजवून खात होती. ही पेंड तिकडेही गुरांसाठीच असते. शहर पडल्यानंतर तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात रुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसं मिळून ४६० हून अधिक जणांना ठार मारल्याची माहिती जागतिक आरोग्य संघटनेनं दिली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहांची छायाचित्रं तपासली. त्यांत जमिनीवर मृतदेहांसारखे आकार होते आणि काही ठिकाणी भोवतालची माती तांबडी झालेली होती.

आकाशातून दिसलेलं हे दृश्य आपल्यापैकी किती जणांपर्यंत पोचलं? ज्यांच्यापर्यंत पोचलं, त्यांना तरी अल-फाशेर कुठं आहे, तिथं कोण राहत होतं, त्यांना कोण मारतं आहे आणि कशासाठी, हे कळलं का? मी मराठी वर्तमानपत्रं नेमानं वाचतो. आतल्या पानावर चार-सहा ओळी असतात आणि त्यांच्या वर ‘वृत्तसंस्था’ एवढा एक शब्द. मराठी वृत्तवाहिन्यांवर तर तेवढंही नसतं.

ज्यांना हा विषय अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. डिसेंबर २०१८ मध्ये अतबारा या रेल्वेच्या गावात पावाच्या भाववाढीवरून लोक रस्त्यावर आले. तिथून आंदोलन देशभर पसरलं. डॉक्टर, वकील, शिक्षक यांच्या संघटना पुढं होत्या, बायका मोठ्या संख्येनं होत्या. एप्रिल २०१९ मध्ये, तीस वर्षं सत्तेवर असलेला ओमर अल-बशीर पायउतार झाला. त्यानंतर मुलकी नेते आणि लष्कर यांचं संयुक्त सरकार आलं, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये लष्करप्रमुख अब्देल फत्ताह अल-बुरहान आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’चा प्रमुख मोहम्मद हमदान दागालो ऊर्फ हेमेदती या दोघांनी मिळून ते उलथवलं. १५ एप्रिल २०२३ रोजी, रमजानच्या अखेरच्या दिवसांत, हेच दोघं राजधानी खार्तूमच्या रस्त्यांवर एकमेकांविरुद्ध लढू लागले. तेव्हापासून सुमारे एक कोटी वीस लाख माणसांनी घरं सोडली आहेत. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. जवळजवळ तेवढी माणसं परागंदा झाली.

मेलेल्यांचा हिशेब तर कुणी धड ठेवलाच नाही. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध केला. एकट्या खार्तूम राज्यात पहिल्या चौदा महिन्यांत ६१,००० हून अधिक मृत्यू झाले होते, आणि त्यांतले सुमारे २६,००० थेट हिंसाचारात. तोवर संपूर्ण देशातल्या हिंसाचाराचे बळी म्हणून जो आकडा जगभर छापला जात होता, तो वीस हजारांच्या घरातला होता. म्हणजे एका राज्याचा अंदाजित आकडा सगळ्या देशाच्या छापील आकड्याहून मोठा निघाला. ज्या मृत्यूची नोंद नाही, त्याचा जाब कुणालाच द्यावा लागत नाही. बातमी न देण्याचा पहिला परिणाम हा असतो.

सुदान आपल्या पडद्यावर कधीच नव्हता असं मात्र नाही. २४ एप्रिल २०२३ रोजी ‘ऑपरेशन कावेरी’ सुरू झालं. पोर्ट सुदानहून नौदलाच्या जहाजांनी आपली माणसं जेद्दाहला आणली, तिथून ती विमानांनी मायदेशी आली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोहीम आटोपली, तोपर्यंत ३,८६२ जण सुखरूप बाहेर पडले होते. ती कामगिरी मोठीच होती आणि तिची बातमी द्यायलाच हवी होती. पण त्या पंधरा दिवसांत खार्तूमचे नकाशे दाखवणारे, तज्ज्ञ बसवणारे, विमानतळावर कॅमेरे लावणारे सगळे जण शेवटचं विमान उतरल्याबरोबर निघून गेले. युद्धाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. दारफूरमधल्याच अल-जनीना शहरात मसालीत जमातीच्या माणसांना वेचून मारलं गेलं, ते त्यानंतरच्या आठवड्यांत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानं गुप्तचर सूत्रांच्या हवाल्यानं त्या एका शहरातल्या बळींची संख्या १० ते १५ हजार सांगितली. आपला माणूस तिथं असेल तोवरच तिथलं मरण बातमी ठरतं, हा नियम आपल्या वृत्तकक्षांनी कधी लिहून ठेवलेला नाही, पण पाळला आहे.

त्याच सुमारास सुदानची आणखी एक बातमी मात्र जगभर फिरली. तिथल्या हशाब झाडाचा डिंक शीतपेयांत, गोळ्या-औषधांत, छपाईच्या शाईत लागतो, आणि जगाला लागणाऱ्या या डिंकाचा मोठा वाटा सुदान पुरवतो. युद्धामुळं पुरवठा तुटला तर शीतपेयांच्या कंपन्यांचं काय होणार, ही चिंता युद्धाच्या पहिल्याच महिन्यात अर्थविषयक पानांवर आली. बातमी खोटी नव्हती. तिला मोठी बाजारपेठ होती, म्हणून ती पोचली. डिंक गोळा करणाऱ्या कोर्दोफानच्या शेतकऱ्याचं काय झालं, याला बाजारपेठ नव्हती.

बातमी आपल्यापर्यंत कोणत्या वाटेनं येते, हे वाचकानं समजून घेतल्याशिवाय यात काही बदलणार नाही. परदेशच्या बहुतेक बातम्या तीन मोठ्या संस्थांकडून निघतात: लंडनची रॉयटर्स, न्यू यॉर्कची असोसिएटेड प्रेस आणि पॅरिसची एएफपी. १८७० मध्ये रॉयटर्स, फ्रान्सची हावास आणि जर्मनीची वुल्फ यांनी करार करून बातम्यांसाठी जगाची वाटणी केली होती, आणि हिंदुस्थान रॉयटर्सच्या वाट्याला गेला. तो करार केव्हाच मोडला, वाट मात्र राहिली. आजही खार्तूमची बातमी पुण्याला यायची तर ती लंडनला किंवा पॅरिसला वळसा घेऊन येते. तिथल्या संपादकाला आपल्या ग्राहकांसाठी जेवढी लांबी, जो मथळा, जी बाजू योग्य वाटली, तेवढीच आपल्या हाती पडते. मग मुंबईचा उपसंपादक रात्री दहा वाजता तिचं भाषांतर करतो, जाहिरात आली की बातमी कापतो. या साखळीत कुणी दुष्ट नाही. या संस्थांचे वार्ताहर जीव धोक्यात घालून काम करतात, आणि अल-फाशेरबद्दल जे थोडंफार कळलं त्यात त्यांचा वाटा आहे. पण मराठी वाचकाला काय कळायला हवं, हा प्रश्न या सबंध साखळीत कुणीही कुणाला विचारत नाही.

हा प्रश्न एके काळी भारतानंच जगापुढं मांडला होता. अलिप्त राष्ट्रांच्या वृत्तसंस्थांचा संयुक्त संघ १९७५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या सुरुवातीच्या काळात नेतृत्व भारताकडं होतं. युनेस्कोनं १९७७ मध्ये शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्यावर आपले बी. जी. व्हर्गीस होते, लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस होते. १९८० च्या अहवालात आयोगानं स्पष्ट सांगितलं की बातम्यांचा ओघ श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडं एकाच दिशेनं वाहतो आहे. पुढं अमेरिका १९८४ च्या अखेरीस आणि ब्रिटन त्यानंतर वर्षभरानं युनेस्कोतून बाहेर पडले, त्यामागं हा वादही होता. आणि अलिप्त राष्ट्रांचा तो संघ? तो बहुतांशी सरकारी प्रसिद्धिपत्रकांनी भरून गेला. वाचकानं त्याच्यावर विश्वास ठेवावा असं त्यात फारसं उरलं नाही, आणि नव्वदच्या दशकात तो बंद पडला. श्रीमंतांच्या संस्थांवर उपाय म्हणून सरकारांच्या संस्था उभ्या केल्या, तिथंच चूक झाली असं माझं स्पष्ट मत आहे. लोकांच्या पैशावर आणि लोकांच्या आग्रहावर उभी राहणारी तिसरी वाट कुणी धरलीच नाही.

आता तर जुन्या वाटाही आटत चालल्या आहेत. बीबीसीचं अरबी रेडिओ प्रसारण १९३८ पासून चालू होतं. खर्चाच्या कारणानं ते जानेवारी २०२३ मध्ये बंद केलं गेलं. तीनच महिन्यांनी सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि मे महिन्यात सुदानसाठी तात्पुरतं आपत्कालीन प्रसारण सुरू करण्याची वेळ आली. वीज नाही, इंटरनेट नाही, अशा वेळी रेडिओ हाच आधार असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. मार्च २०२५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकेचं प्रसारण अमेरिकी सरकारनंच ठप्प केलं. या सगळ्यात दारफूरच्या लोकांसाठी २००८ पासून नेदरलँड्समधून चालणारा ‘रेडिओ दबंगा’ तगून आहे. तो सुदानी पत्रकार चालवतात. जगातल्या मोठ्या संस्था अनेकदा त्यांच्याकडून बातमी घेतात. आपण का घेऊ शकत नाही?

बातमी आली तरी ती कशी येते, हाही प्रश्न आहे. सुदानबद्दल जे थोडं छापून येतं, त्यात ‘दोन सेनापतींचा सत्तासंघर्ष’ असं एक ठरलेलं वाक्य असतं. ते वाचलं की वाचकाला वाटतं, दोन गुंड भांडत आहेत, आपल्याला काय त्याचं. मग बाकीचं काहीही कळत नाही. हेमेदतीचं दल हे २००३ नंतर दारफूरमध्ये गावंच्या गावं जाळणाऱ्या जंजावीद टोळ्यांतून उभं राहिलं, त्याच हत्याकांडांसाठी २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं राष्ट्राध्यक्ष बशीरविरुद्ध वॉरंट काढलं होतं, आणि आज मारल्या जाणाऱ्या जमाती बऱ्याच अंशी त्याच आहेत, हे कळत नाही. सुदानच्या खाणींतलं बरंचसं सोनं संयुक्त अरब अमिरातीत जातं आणि त्याच अमिरातीवर या दलाला शस्त्रं पुरवल्याचा आरोप आहे. अमिरातीनं तो सतत नाकारला आहे. सुदाननं आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली, पण मे २०२५ मध्ये न्यायालयानं आपल्याला अधिकारक्षेत्र नाही असं सांगून प्रकरण काढून टाकलं. दुबईच्या सोन्याची चर्चा आपल्याकडं लग्नसराईत घरोघरी होते. ते सोनं कुठून येतं याची बातमी मराठीत का नसावी? दुसऱ्या बाजूला सुदानच्या लष्करानंही बाजारांवर बॉम्ब टाकले आहेत, मदतीचे ट्रक अडवले आहेत. एकाला खलनायक करून दुसऱ्याला नायक करण्याची सोय या युद्धात नाही. म्हणूनच त्याला चार ओळींपेक्षा जास्त जागा लागते.

आणि सगळ्यात जास्त झाकली जातात ती तिथली उभी राहिलेली माणसं. सरकार नाहीसं झालं, परदेशी संस्था निघून गेल्या, तेव्हा सुदानमधल्या मोहल्ल्या-मोहल्ल्यांत तरुणांनी ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्ष’ उघडले. २०१९ च्या आंदोलनात ज्या वस्ती समित्या बनल्या होत्या, त्यांतूनच बहुतेक कक्ष उभे राहिले. मोठ्या पातेल्यात मसूर आणि वाल शिजवून शेकडो माणसांना एक वेळचं जेवण देणारी सामुदायिक स्वयंपाकघरं ते चालवतात. जखमींना दवाखान्यात पोचवतात, विहिरींचे पंप दुरुस्त करतात, बलात्कार झालेल्या बायकांना आसरा देतात. परदेशातले सुदानी लोक मोबाइलवरून पैसे पाठवतात, ते बँकेच्या अॅपमधून तिथं पोचतात आणि त्यातून डाळ येते. दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी या मुलांना पकडलं आहे, छळलं आहे, मारलं आहे. २०२५ मध्ये या कक्षांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत अचानक थांबवली, तेव्हा अशी शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली होती. अमेरिकेच्या मदतकपातीवर आपल्याकडं खूप लिहिलं गेलं. वॉशिंग्टनमध्ये कोण जिंकलं, कोण हरलं, याबद्दल लिहिलं गेलं. खार्तूमशेजारच्या ओमदुरमानमधलं चुलीवरचं पातेलं रिकामं झालं, त्याबद्दल नाही.

याआधी काय घडलं आहे ते सांगतो, म्हणजे मी इतका घायकुतीला का आलो आहे ते कळेल. एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे शंभर दिवसांत रवांडात आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्या वेळी आफ्रिकेत जगभरचे पत्रकार मोठ्या संख्येनं हजर होते, पण ते दक्षिण आफ्रिकेत. तिथं पहिली सर्ववंशीय निवडणूक होती आणि १० मे रोजी नेल्सन मंडेला शपथ घेणार होते. रवांडात मूठभर पत्रकार उरले. जे छापलं गेलं, त्यात बराच काळ ‘टोळ्यांचं यादवी युद्ध’ अशीच मांडणी होती. नियोजनपूर्वक, याद्या करून, रेडिओवरून चिथावणी देऊन चाललेलं हे हत्याकांड आहे, हे समजायला जगाला उशीर झाला, आणि त्या उशिरामुळं संयुक्त राष्ट्रांतल्या बड्या देशांना हात झटकणं सोपं गेलं. जुलैमध्ये निर्वासितांचे लोंढे सीमेपलीकडं गोमाला पोचले, तिथं कॉलऱ्यानं माणसं मरू लागली, आणि मग कॅमेरे आले. दृश्यं भयंकर होती, मदतीचा ओघ सुरू झाला. पण त्या छावण्यांत कत्तल करणारेही होते, त्यांचे म्होरकेही होते. मारले गेलेल्यांसाठी कुणी आलं नाही, आणि मारणाऱ्यांच्या छावणीपर्यंत धान्य पोचलं. कॅमेरा जिथं वळतो तिथं मदत जाते, म्हणून तो कुठं वळतो याची चौकशी करणं हे आपलं काम आहे.

बातमी नसण्यानं जसं नुकसान होतं, तसंच बनवलेल्या बातमीनंही होतं. ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकी संसद सदस्यांसमोर एका पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीनं रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी रुग्णालयातल्या पेट्यांतून तान्ही बाळं काढून जमिनीवर टाकली. ही साक्ष जगभर दाखवली गेली आणि युद्धाच्या बाजूनं मत वळवायला वापरली गेली. युद्ध झाल्यावर, १९९२ मध्ये उघड झालं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची कन्या होती, साक्षीमागं एका जनसंपर्क कंपनीची मोहीम होती, आणि त्या गोष्टीला पुरावा नव्हता. २००३ मध्ये इराककडं महासंहारक अस्त्रं आहेत, असं सांगून युद्ध झालं. मे २००४ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सनं आपल्याच वार्तांकनात पुरेशी शहानिशा झाली नव्हती, अशी कबुली छापली. तोवर बगदाद पडून वर्ष उलटलं होतं.

आणि आपण स्वतः? मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना आपल्या काही वाहिन्यांनी एका रात्रीत कराची बंदर उद्ध्वस्त केलं, शहरं ताब्यात घेतली. त्यातलं काहीही घडलेलं नव्हतं. पडद्यावर इतके भोंगे वाजत होते की नागरी संरक्षणाच्या भोंग्याचा आवाज कार्यक्रमांत वापरू नका, असं केंद्र सरकारला वाहिन्यांना सांगावं लागलं. सीमेवरच्या गावांत त्या रात्री खरे भोंगे वाजत होते, आणि ते ऐकणाऱ्या माणसांशी हा खेळ झाला. परदेशचं वार्तांकन म्हणजे जिंकल्या-हरल्याचा आरडाओरडा, अशी सवय एकदा लागली की सुदानसारख्या बातमीला त्यात जागाच उरत नाही. तिथं आपल्याला जिंकायला कुणी नाही.

मग सुदानशी आपला काय संबंध, असं विचारणाऱ्यांना मी खडकवासल्याला जायला सांगेन. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची घुमटाची मुख्य इमारत तुम्ही छायाचित्रात पाहिली असेल. तिचं नाव ‘सुदान ब्लॉक’ आहे. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत भारतीय सैनिकांनी सुदानच्या रक्षणासाठी रक्त सांडलं, त्याची कृतज्ञता म्हणून १९४१ मध्ये सुदान सरकारनं एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला सत्तर हजार आले आणि ते प्रबोधिनीच्या उभारणीत लागले. त्याच मोहिमेतल्या केरेनच्या लढाईचं नाव मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या युद्धसन्मानांत कोरलेलं आहे. १९५३ मध्ये सुदानची पहिली संसदीय निवडणूक घ्यायला गेले ते आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. पुण्याच्या महाविद्यालयांत सुदानी विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. त्यांची घरं आज खार्तूममध्ये, ओमदुरमानमध्ये, वाद मदनीत लुटली गेली आहेत. संबंध शोधायला लागत नाही. तो आपल्या दारात आहे आणि आपण त्याच्याकडं पाहत नाही.

मराठी पत्रकारितेला हे झेपणार नाही, असंही कुणी म्हणू नये. लोकमान्यांच्या ‘केसरी’नं जगातल्या घडामोडी मराठी माणसाच्या पुढ्यात आणल्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी पहिल्या महायुद्धावर लेखमाला लिहिली, ती खेड्यापाड्यांत वाचली गेली. गोविंद तळवलकर मुंबईत बसून सोव्हिएत संघाबद्दल असं लिहीत की वाचकाला मॉस्कोतलं राजकारण समजे. त्यांच्याकडं इंटरनेट नव्हतं, भाषांतराची यंत्रं नव्हती. अभ्यास होता, आणि आपल्या वाचकाला जग कळलं पाहिजे ही तळमळ होती. आज मराठी वर्तमानपत्रांचा पूर्णवेळ वार्ताहर आफ्रिकेत नाही. तो उद्या नेमा असं मी म्हणत नाही, खर्च मला कळतो. पण काही गोष्टींना खर्च लागत नाही.

म्हणून तुमच्या पत्रात त्या एका प्रश्नाखाली या मागण्याही लिहा. परदेशी बातमीवर नुसतं ‘वृत्तसंस्था’ न छापता कोणती संस्था, ते नाव छापा. बातमी कुठून लिहिली आहे, घटनास्थळावरून की दुसऱ्या देशातून, तेही सांगा. आठवड्यातून एकदा सुदानसाठी अर्धं पान द्या, आणि तिथं काय झालं याबरोबरच का झालं तेही लिहा. अरबी जाणणारी माणसं महाराष्ट्रात आहेत, विद्यापीठांत आहेत, मदरशांत आहेत. त्यांच्याकडून सुदानी पत्रकारांचं लेखन थेट मराठीत आणा. पुण्यातल्या सुदानी विद्यार्थ्यांकडं वार्ताहर पाठवा. रिक्षाचं भाडं सोडून त्याला काही लागणार नाही. आणि चुकीची बातमी गेली तर दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच आकारात छापा.

वाचक म्हणून आपलीही जबाबदारी आहे. अल-फाशेर पडल्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेली चित्रं समाजमाध्यमांवर फिरली. खरी बातमी नसली की पोकळी खोटं चित्र भरून काढतं, आणि मग खऱ्या चित्रावरही कुणी विश्वास ठेवत नाही. कुणी काढलं, कधी काढलं, कुठं काढलं, हे ठाऊक नसेल तर ते चित्र पुढं पाठवू नका, ते कितीही हृदयद्रावक असलं तरी. तुमच्या गावच्या वाचनालयाला, व्याख्यानमालेला सांगा की या वर्षी एक व्याख्यान सुदानवर ठेवा. दिवाळी अंकाच्या संपादकांना आत्ताच कळवा. त्यांची आखणी लवकर सुरू होते. आखाती देशांत राहणाऱ्या मराठी मित्रांना माझी खास विनंती आहे. तुमच्या रुग्णालयात, शाळेत, कार्यालयात सुदानी सहकारी आहेत. त्यांच्याशी बोला, त्यांची परवानगी घेऊन त्यांची हकीकत मराठीत लिहा आणि इथं पाठवा. नाव छापल्यानं मागं राहिलेल्या नातेवाइकांना धोका होणार असेल, तर नाव लिहू नका. आणि चांगलं परदेशी वार्तांकन देणारं वर्तमानपत्र किंवा साप्ताहिक असेल, तर त्याची वर्गणी भरा. फुकटच्या बातमीची किंमत दुसरा कुणीतरी मोजत असतो, आणि मग बातमीही त्याच्याच सोयीची येते.

पैशाबद्दल एवढंच सांगतो. २०२५ साली सुदानसाठी संयुक्त राष्ट्रांनी सुमारे ४.२ अब्ज डॉलर मागितले होते, त्यांतली निम्मी रक्कमही जमली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षेची आंतरराष्ट्रीय पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी अल-फाशेर आणि काडुगली या दोन शहरांत दुष्काळ जाहीर केला. असा शिक्का सहजासहजी मारला जात नाही; भुकेनं माणसं मरू लागल्याचे पुरावे हाती आल्यावरच तो मारतात. अल-फाशेर पडल्यावर लढाई पूर्वेकडं, कोर्दोफानमध्ये सरकली. तिथल्या अल-ओबेद शहरात लाखो माणसं आहेत, त्यांत आधीच घर सोडून आलेली पुष्कळ आहेत. अल-फाशेरचा वेढा पाचशे दिवस चालू असताना जगाला बोलायला पाचशे दिवस मिळाले होते. अल-ओबेदसाठी किती मिळतील, हे कुणाच्या हातात नाही.

तेव्हा पत्र याच आठवड्यात लिहा. हातानं लिहा, ईमेल करा, चालेल. एकट्यानं लिहिण्यापेक्षा सोसायटीतल्या, कार्यालयातल्या, भिशीतल्या चार जणांच्या सह्या घ्या. खाली नाव, गाव आणि फोन नंबर न विसरता द्या, कारण निनावी पत्र संपादक बाजूला ठेवतात. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर दुसरं पत्र पाठवा.